श्वासाचें माप : स्वामी कुवलयानंद यांचें संशोधनकार्य



शास्त्रज्ञ म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें विलायतेंतील एखादी मोठी प्रयोगशाळा, पांढरा झगा आणि कांचेच्या नळ्या उभ्या राहतात. परंतु आपल्याच महाराष्ट्रांत, पुण्याहून मुंबईस जातांना लागणाऱ्या लोणावळ्यास, १९२४ सालीं एका शिक्षकानें माणसाचा श्वास आणि त्याचे स्नायु यांचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठीं संस्था काढली, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. त्या गृहस्थांचें नांव जगन्नाथ गणेश गुणे. पुढें ते स्वामी कुवलयानंद या नांवानें प्रसिद्ध झाले. त्यांच्या कार्याचा परिचय करून देणें हा या लेखाचा हेतु आहे. मात्र केवळ चरित्र सांगून थांबण्याचा आमचा विचार नाहीं. श्वास म्हणजे काय, तो कोण चालवितो, तो कोंडला असतां शरीरांत काय घडतें, हेंही आम्ही त्याबरोबरच समजावून सांगणार आहों. कारण आमच्या हदगांवासारख्या भागांत या ज्ञानावर कधीं कधीं माणसाचा जीव अवलंबून असतो. तें कसें, हें लेखाच्या शेवटीं शेवटीं दिसून येईल.

प्रथम एका शब्दाचा विचार करूं. हवेंतील ज्या वायूस ऑक्सिजन म्हणतात, त्यास आपल्या क्रमिक पुस्तकांनीं ‘प्राणवायु’ असें सुंदर नांव दिलें. नांव अर्थास धरून आहे, कारण त्या वायूवांचून आपण कांहीं मिनिटेंही जगूं शकत नाहीं. परंतु या नांवानें एक घोटाळाही करून ठेविला. योगग्रंथांतील ‘प्राणायाम’ या शब्दांतही प्राण आहे. तेव्हां प्राणायाम म्हणजे शरीरांत प्राणवायूचा भरपूर सांठा करण्याची युक्ति, असा अर्थ लोकांनीं सहजच बसविला. वास्तविक हठयोगाचे ग्रंथ रचले गेले त्या काळीं ऑक्सिजन हा वायु कोणास ठाऊकच नव्हता. प्रीस्टले या इंग्रज शास्त्रज्ञानें तो वेगळा काढून दाखविला तो १७७४ सालीं. म्हणजे जुन्या ग्रंथकारांच्या मनांतील प्राण आणि आपल्या पुस्तकांतील प्राणवायु हे एक नव्हेत, हें उघड आहे. तरीही ‘दीर्घ श्वास घ्या, म्हणजे रक्तांत प्राणवायु भरेल’ हें वाक्य आजही व्यायामशाळेंत, घरांत आणि आमच्या वर्गांतही ऐकूं येतें. हें खरें कीं खोटें याचा निवाडा वादानें न करितां मापानें करावा, असें ज्यांनीं मनांत आणिलें, ते स्वतः योगाचे निष्ठावंत उपासक होते. हीच या कथेंतील विशेष लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट होय.

जगन्नाथ गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजीं तेव्हांच्या बडोदें संस्थानांतील डभोई या गांवीं एका मराठी कुटुंबांत झाला. घरची स्थिति गरिबीची होती. शिक्षण झालें तें बुद्धीच्या आणि कष्टांच्या बळावर. १९०३ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत त्यांनीं संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली, आणि १९१० सालीं ते बडोद्याच्या कॉलेजांतून पदवीधर झाले. याच काळांत, म्हणजे १९०७ पासून, बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेंत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखालीं त्यांनीं देशी व्यायामाचें शिक्षण घेतलें. पुढें अमळनेर येथें खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थेंत ते अध्यापन करूं लागले. १९१९ च्या सुमारास नर्मदेच्या तीरीं मालसर येथें परमहंस माधवदास या वृद्ध योग्यांची त्यांस भेट घडली, आणि त्यांच्यापाशीं गुणे यांनीं आसनें, बंध व प्राणायाम यांचा अभ्यास केला. तालमीनें त्यांस स्नायूंची ओळख करून दिली, माधवदासांनीं श्वासाची, आणि कॉलेजच्या शिक्षणानें ‘यास पुरावा काय?’ असें विचारण्याची संवय लाविली. या तिन्ही विद्या एकाच माणसाच्या ठायीं एकत्र आल्या, त्यांतून पुढील सर्व कार्य निपजलें.

आतां त्यांचे प्रयोग समजण्यासाठीं श्वासाची रचना थोडी पाहिली पाहिजे. आपल्या गांवांतील लोहाराचा भाता तुम्ही पाहिला असेल. लोहार भात्यांत हवा कोंबीत नाहीं; तो भात्याची वरची बाजू उचलतो, आंतील जागा वाढते, आणि बाहेरची हवा आपोआप आंत शिरते. आपली छाती अगदीं असाच भाता आहे. फुप्फुसांस स्वतः होऊन फुगण्याचें सामर्थ्य नाहीं. छाती आणि पोट यांच्यामध्यें घुमटाच्या आकाराचा एक स्नायूचा पडदा असतो, त्यास श्वासपटल म्हणतात. तो आकुंचन पावला म्हणजे घुमट खालीं दबतो. त्याच वेळीं फांसळ्यांमधील स्नायु फांसळ्या वर उचलतात. छातीची पोकळी मोठी होते आणि हवा आंत ओढली जाते. स्वस्थ बसलों असतां श्वास बाहेर टाकण्यास फारसे श्रम लागत नाहींत. ताणलेले भाग मूळ स्थितीवर येतात आणि हवा बाहेर पडते. म्हणजे श्वास हें मूळांत स्नायूंचें काम आहे. श्वासाचा अभ्यास आणि स्नायूंचा अभ्यास एकमेकांपासून तोडतां येत नाहीं, तो यामुळेंच.

गुणे यांचे पहिले प्रयोग १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळांत झाले. योगाभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांस क्ष-किरणांच्या यंत्रापुढें उभें करून त्यांनीं उड्डियानबंध आणि नौलि या दोन क्रियांची तपासणी केली. उड्डियानांत श्वास पूर्णपणें बाहेर टाकून, हवा आंत न येऊं देतां, छाती श्वास घेतांना जशी फुगवितात तशी फुगवितात. हवा आंत येण्याची वाट बंद असल्यामुळें पोटाची भिंत पाठीकडे खेंचली जाते आणि श्वासपटल वर चढतें. नौलींत याच स्थितींत पोटाच्या पुढील भागाचे दोन उभे स्नायु आंवळून नळासारखे पुढें काढतात. पाहणाऱ्यास हा केवळ कसरतीचा प्रकार वाटतो. परंतु जुन्या ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं बस्ति या क्रियेंत साधकाच्या आंतड्यांत बाहेरील पाणी आपोआप वर चढतें. पाणी खालून वर चढेल कसें? श्रद्धाळु माणूस यास सिद्धि म्हणून हात जोडतो, संशयी माणूस थाप म्हणून हंसतो. गुणे यांनीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. त्यांनीं दाब मोजला.

तेव्हां असें दिसून आलें कीं नौलि करितांना पोटांतील पोकळींत बाहेरच्या हवेपेक्षां कमी दाब उत्पन्न होतो, म्हणजे तेथें अंशतः निर्वात स्थिति येते. दाब आंत कमी आणि बाहेर जास्त, म्हणून पाणी आंत ढकललें जातें. तुम्ही शरबत नळीनें ओढतां तेव्हां तोंडांत जें घडतें तेंच हें. सिद्धीची गोष्ट विज्ञानाच्या पुस्तकांतील हवेच्या दाबाच्या धड्यांत येऊन बसली. आणि त्यामुळें तिचें महत्त्व कमी न होतां उलट ती कोणासही पडताळून पाहतां येईल अशी झाली. या निर्वात स्थितीस त्यांनीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ माधवदासांचें नांव दिलें. शोध आपला, नांव गुरूचें! ही वृत्ति विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१९२३ पर्यंत त्यांचें अमळनेरचें काम संपलें, आणि १९२४ च्या ऑक्टोबरांत लोणावळ्यास कैवल्यधाम या संस्थेची स्थापना झाली. त्याच महिन्यापासून ‘योगमीमांसा’ नांवाचें त्रैमासिक इंग्रजी भाषेंत निघूं लागलें. त्यांत प्रयोग कसा केला, कोणावर केला, माप काय आलें, हें छापलें जाई. हातचें राखून न ठेवितां सर्वांपुढें मांडणें हा शास्त्राचा पहिला नियम आहे. कारण तसें केलें तरच दुसऱ्यास तो प्रयोग करून चूक दाखवितां येते.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. प्राणायामानें शरीरांत प्राणवायु अधिक जातो काय?

याचें उत्तर समजण्यास रक्ताचा थोडा हिशेब हवा. आपण जी हवा आंत घेतों तींत शंभर भागांत सुमारें २१ भाग प्राणवायु असतो आणि कार्बन डायऑक्साइड जवळ जवळ नसतोच. या दुसऱ्या वायूस आपण सोयीसाठीं कर्बवायु म्हणूं. जी हवा बाहेर टाकतों तींत सुमारें १६ भाग प्राणवायु आणि ४ भाग कर्बवायु असतो. निरोगी माणसाच्या फुप्फुसांतून निघालेलें रक्त नेहमींच्या साध्या श्वासानेंच प्राणवायूनें शंभरांत ९७-९८ हिश्शांपर्यंत भरलेलें असतें. कांठोकांठ भरलेल्या घागरींत आणखी पाणी ओतलें तर किती मावेल? तीच स्थिति येथें आहे. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसास दर मिनिटास सुमारें २५० घनसेंटिमीटर प्राणवायु लागतो. तो किती घ्यावयाचा हें नाक ठरवीत नाहीं. शरीरांतील पेशींची, आणि विशेषतः स्नायूंची, मागणी तें ठरविते. धांवूं लागलें म्हणजे स्नायूंचें काम वाढतें, आणि हीच मागणी दहापटीपर्यंत, क्वचित् त्याहूनही अधिक, चढते. स्नायूंच्या श्रमाचा आणि प्राणवायूच्या खर्चाचा हा हिशेब ज्यांनीं बारकाईनें मांडला त्यांत आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल हे इंग्रज शास्त्रज्ञ प्रमुख होत. स्नायूंत उत्पन्न होणाऱ्या उष्णतेच्या मापनाबद्दल त्यांस १९२२ सालचें नोबेल पारितोषिक जर्मनीच्या ऑटो मायरहॉफ यांच्याबरोबर मिळालें; आणि १९४३-४४ सालीं ते भारतांतही येऊन गेले.

दुसरी गोष्ट कर्बवायूची. श्वास कोंडून धरला असतां थोड्याच वेळांत जीव कासावीस होतो. ही कासाविशी प्राणवायु संपल्यामुळें होते असें बहुतेकांस वाटतें. पण तसें नाहीं. १९०५ सालीं हॉल्डेन आणि प्रीस्टले या दोघा ब्रिटिश संशोधकांनीं असें दाखविलें कीं श्वासाची गति मुख्यतः कर्बवायूवर चालते. (हे प्रीस्टले वर सांगितलेल्या प्रीस्टलेहून निराळे.) फुप्फुसांच्या आंतील हवेंत कर्बवायूचें प्रमाण अगदीं थोडें वाढलें कीं मेंदूंतील श्वासकेंद्र जागें होतें आणि श्वास जोरानें चालूं लागतो, उलट प्राणवायु बराच कमी होईपर्यंत तें तितकी दाद देत नाहीं. खेड्यांतील भाषेंत सांगावयाचें तर कर्बवायु हा शरीराचा जागल्या आहे. तो हांक मारतो म्हणून आपण श्वास घेतों.

हा हिशेब ध्यानांत घेऊन कुवलयानंदांचें काम पाहावें. १९३० च्या आगेंमागें कैवल्यधामांत प्राणायामांतील वायूंचीं मापें घेण्यांत आलीं. प्राणायाम करितांना किती हवा आंत गेली, बाहेर आलेल्या हवेंत किती प्राणवायु उरला, कर्बवायु किती झाला, हें पाहून तेवढ्याच वेळांतील साध्या श्वासोच्छ्वासाशीं त्याची तुलना केली गेली. एका श्वासापुरतें पाहिलें तर दीर्घ श्वासांत हवा अधिक जाते हें खरेंच. पण तसे श्वास मिनिटांत फार थोडे होतात, आणि मध्यें कुंभकाचा काळ जातो. सर्व जमाखर्च मांडल्यावर, प्राणायामाचें मोल शरीरांत जादा प्राणवायु भरण्यांत आहे हा समज टिकला नाहीं. स्वामींनीं तसें स्पष्टपणें लिहून प्रसिद्ध केलें.

विद्यार्थ्यांनो, येथें क्षणभर थांबा. ज्या माणसानें आपलें सर्व आयुष्य योगास वाहिलें, ज्याची संस्था योगप्रेमी लोकांच्या उदार आश्रयावर चालत होती, त्यास योगाची ही लोकप्रिय स्तुति आहे तशी राहूं देणें किती सोपें होतें! मापाचे आंकडे बाजूस ठेवून, ‘प्राणायामानें प्राणवायु वाढतो असें विज्ञानानें सिद्ध केलें आहे’ असें त्यांनीं लिहिलें असतें तर लोकांस तें आवडलेंच असतें. परंतु आपल्यास प्रिय असलेल्या गोष्टीची खोटी स्तुति ही त्या गोष्टीची सेवा नव्हे, हें त्यांनीं ओळखिलें होतें. परक्याच्या मताची चिकित्सा कोणीही करतो; आपल्या घरच्या मतास तराजूंत घालणारा माणूस विरळा.

यावर प्रश्न मिटला असें मात्र नाहीं. १९३१-३२ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे के. टी. बेहनन हे मूळचे दक्षिण हिंदुस्थानांतील संशोधक लोणावळ्यास येऊन राहिले. त्यांनीं स्वामींपाशीं प्राणायाम शिकून पुढें स्वतःवरच प्रयोग केले, आणि १९३७ सालीं ते ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. त्यांच्या मापांत साध्या श्वासापेक्षां उज्जायींत २४.५ टक्के, भस्त्रिकेंत १८.५ टक्के आणि कपालभातींत १२ टक्के प्राणवायु अधिक खर्च झालेला आढळला. म्हणजे शिष्याचें माप गुरूच्या मापाशीं जुळलें नाहीं काय? घाईनें निवाडा करूं नये. प्रथम, हें एकाच माणसावरील माप होतें. दुसरें, प्राणायाम सर्व एकाच जातीचे नाहींत. भस्त्रिका म्हणजे शब्दशः भाता, त्यांत पोटाचे व छातीचे स्नायु झपाट्यानें काम करितात, आणि काम करणारा स्नायु स्वतःच प्राणवायु खातो. तेव्हां वाढलेला आंकडा ही शरीरास मिळालेली देणगी न समजतां श्रमाची मजुरी समजणें अधिक योग्य होय. खर्च वाढला म्हणजे शिल्लक वाढली असें कोणीही शहाणा गृहस्थ म्हणत नाहीं. बेहनन यांनीं आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणें नोंदविली: उज्जायी केल्यानंतर लगेच दिलेल्या मनाच्या चांचण्यांत त्यांची गति वाढण्याऐवजीं मंदावली. परीक्षेच्या दारांत उभे राहून प्राणायामानें बुद्धि तीव्र करूं पाहणाऱ्यांनीं हें वाचून ठेवावें. ते स्वतः मात्र त्या अभ्यासानें मनास शांति मिळते असेंच म्हणत, आणि या दोन गोष्टींत विरोध नाहीं.

मग प्राणायामाचा उपयोग कोणता? स्वामींच्या मतें त्याचें मुख्य मोल श्वासाच्या स्नायूंस व मज्जासंस्थेस लागणाऱ्या वळणांत, आणि छाती व पोट यांतील दाबांत होणाऱ्या नियमित फरकांत होतें. सामान्यतः आपोआप चालणारा श्वास इच्छेच्या ताब्यांत आणणें, जागल्याची हांक ऐकूनही कांहीं काळ न गडबडणें, ही एक शिकवण आहे. तिचीं मापें घेण्याचें काम त्यांच्यानंतरही चालू राहिलें. १९६१ सालीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनीं रामानंद नांवाच्या योग्यास हवाबंद पेटींत बसवून तपासलें. तेव्हां त्याचा प्राणवायूचा खर्च विश्रांतीच्या मूळ प्रमाणाहूनही बराच खालीं गेलेला आढळला. म्हणजे योग्याचें कौशल्य प्राणवायु अधिक मिळविण्यांत दिसलें नाहीं, तर तो कमी खर्च करण्यांत दिसलें! त्याच सालीं वेंगर, बागची व आनंद यांनीं हृदय थांबविण्याच्या दाव्यांची परीक्षा प्रसिद्ध केली. छाती व पोट यांचे स्नायु आंवळून श्वास कोंडला म्हणजे छातींतील दाब वाढतो, रक्त हृदयाकडे नीट परतत नाहीं आणि मनगटाची नाडी लागेनाशी होते; परंतु विद्युत्-आलेखावर हृदयाचें काम चालूच असल्याचें दिसलें. लोणावळ्याच्याच करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनीं हवाबंद खड्ड्यांत माणसें बसवून केलेले प्रयोग १९६८ सालीं प्रसिद्ध झाले. बंद जागेंत माणूस श्वासागणिक प्राणवायु कमी करतो आणि कर्बवायु वाढवितो, आणि तेथें त्यास किती वेळ राहतां येईल हें या सांचत जाणाऱ्या कर्बवायूशीं निगडित असतें.

हवाबंद खड्डा हा शब्द वाचून आपल्या भागांतील वडील मंडळींस एका गोष्टीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. ती गोष्ट म्हणजे पेंव. ज्वारी सांठविण्यासाठीं जमिनींत खोदलेलीं पेंवें आतां बहुतेक ठिकाणीं बुजलीं. परंतु पेंव उघडल्याबरोबर आंत उतरूं नये, हा नियम जुन्या शेतकऱ्यांस पक्का ठाऊक होता. त्याचें कारण आतां तुम्हांस सांगतां येईल. धान्याचा दाणा जिवंत असतो आणि तोही मंद श्वास घेतो. त्यांतील किडे व बुरशीही घेतात. महिनोन्‌महिने झांकलेल्या पेंवांतील प्राणवायु अशा रीतीनें संपून जातो आणि कर्बवायु तळाशीं सांचतो, कारण तो हवेहून जड आहे. अशा हवेंत उतरलेला धट्टाकट्टा माणूस कांहीं क्षणांतच बेशुद्ध पडूं शकतो. वाईट हें कीं त्यास काढण्यासाठीं दुसरा उतरतो, मग तिसरा. पेंवें गेलीं, पण जुन्या झांकलेल्या विहिरी, गोबरगॅसच्या टाक्या व शौचालयांचीं टांकीं अद्याप आहेत, आणि धोका तोच आहे. कांहीं ठिकाणीं तर त्याहून विषारी वायुही असतात. दिवा खालीं सोडून पाहण्याची जुनी रीत शहाणपणाची असली तरी पुरेशी नव्हे: दिवा विझला तर उतरूं नये हें खरें, पण दिवा जळत राहिला म्हणून धोका नाहीं असें होत नाहीं, आणि टाकींतील वायु पेट घेणारा असल्यामुळें तेथें दिवा नेणें हेंच संकट आहे. अशा जागीं कोणी पडला तर त्याच्या मागें उडी घेऊं नका; बाहेरूनच दोरानें ओढण्याचा यत्न करा, आणि योग्य साधनांच्या माणसांस तत्काळ बोलवा.

दुसरी सूचना पोहणाऱ्या मुलांस. विहिरींत किंवा नदीच्या डोहांत बुडी मारण्यापूर्वीं कित्येक मुलें भराभर दहावीस मोठे श्वास घेतात. त्यामुळें आंत जास्त प्राणवायु भरतो आणि जास्त वेळ बुडी टिकते अशी त्यांची समजूत असते. बुडी जास्त टिकते हें खरें, पण कारण निराळें आहे. रक्त आधींच भरलेलें असल्यामुळें प्राणवायु फारसा वाढत नाहीं. भराभर श्वासानें कर्बवायु मात्र धुवून निघतो. म्हणजे मुलानें आपल्या जागल्यास झोंपविलें! पाण्याखालीं प्राणवायु संपत जातो, पण हांक मारणारा कोणी नसतो. कासाविशी न होतांच शुद्ध हरपते. उत्तम पोहणारा मुलगाही अशा रीतीनें बुडूं शकतो. म्हणून बुडीपूर्वीं भराभर श्वास घेऊं नये, बुडीची पैज लावूं नये, आणि पाण्यांत एकट्यानें उतरूं नये. हुतूतूच्या मैदानावर दम सुटला तर फार तर गडी बाद होतो. पाण्याखालीं तसें नाहीं. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेंतील प्रश्न आणि हदगांवची विहीर यांचा संबंध असा आहे.

शाळेंत करून पाहण्यासारखे दोन साधे प्रयोग सांगतों. पहिला: स्वस्थ बसून एका मिनिटांत आपले श्वास किती होतात तें मित्राकडून मोजून घ्या; मग मैदानास दोन फेऱ्या मारून पुन्हां मोजा, आणि किती मिनिटांनीं मूळ संख्या येते तें लिहा. स्नायूंची मागणी श्वासास कशी हलविते हें तुम्हांस त्या आंकड्यांत दिसेल. दुसरा: चुन्याची स्वच्छ निवळी एका पेल्यांत घेऊन तींत नळीनें हळू फुंका. कर्बवायूमुळें ती दुधासारखी पांढरी होईल. धांवून आल्यावर दुसऱ्या पेल्यांत फुंका आणि कोणती लवकर पांढरी होते तें पाहा. नळीनें निवळी तोंडांत ओढूं नका, आणि हा प्रयोग शिक्षकांच्या समक्षच करा. जें दिसेल तेंच वहींत लिहा. पुस्तकांत असें आहे म्हणून तसें लिहूं नका.

स्वामी कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजीं निवर्तले. कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ त्यांच्यामागेंही चालू राहिलीं. त्यांचीं सर्वच अनुमानें कायमचीं टिकतील असें नाहीं. कोणत्याही संशोधकाचीं टिकत नाहींत, आणि टिकावींत असा आग्रह त्यानेंही धरूं नये. त्यांच्या काळचीं यंत्रें साधीं होतीं, प्रयोगास बसणारीं माणसें थोडीं होतीं. पुढील संशोधकांनीं अधिक बारीक मापें घेतलीं आणि घेत राहतील. परंतु ज्या गोष्टीवर आपली श्रद्धा आहे तीच प्रथम तपासावी, आणि तपासणींत जें निघेल तें झांकून न ठेवितां छापावें, ही त्यांची रीत जुनी होणारी नाहीं.

पालकांस एकच विनंति. मुलगा किंवा मुलगी ‘हें असेंच कां?’ म्हणून विचारूं लागली तर तें उद्धटपण समजूं नये. ज्या घरांत ‘पेंवांत लगेच उतरूं नये’ एवढेंच सांगितलें गेलें त्या घरांत नियम एका पिढीपुरता राहिला. पेंव बुजलें आणि नियमही विसरला. ज्या घरांत त्याचें कारण सांगितलें जाईल, तेथील मूल पेंव नसलें तरी गोबरगॅसच्या टाकीच्या तोंडाशीं आपण होऊन थांबेल.